फरशांनी पटवलेली ओळख

मंडळी, बुडालेलं जहाज म्हटलं की आपल्याला मोहरांच्या पेट्या आठवतात. आज मी ज्या जहाजाबद्दल बोलणार आहे, त्यात निघाल्या फरशा. इटलीत कॅराराजवळ अपुआन डोंगररांगेत खाणी आहेत, तिथला हा संगमरवर. कापून तयार केलेला, नेदरलँड्समधल्या श्रीमंतांच्या घरांसाठी निघालेला. घरी पोहोचला नाही. साडेतीनशे वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, ३२ मीटर पाण्याखाली पडून राहिला.

२०१९ साली ईस्टबोर्नच्या एका डायव्हिंग व्यावसायिकाने तिथल्या पुरातत्त्व संस्थेला, हिस्टॉरिक इंग्लंडला, या अवशेषांची खबर दिली. लाकडी सांगाड्याचा बराच भाग शाबूत, तोफा, इटालियन मातीची भांडी आणि या फरशा. ऐवज एवढा मोलाचा होता की नावगावाचा पत्ता नसताना त्याच वर्षी त्याला बुडालेल्या जहाजांच्या रक्षणासाठी केलेल्या १९७३च्या ब्रिटिश कायद्याचं संरक्षण मिळालं. कागदोपत्री नोंद काय, तर ‘ईस्टबोर्नजवळचं अज्ञात जहाज’. मला ही गोष्ट फार आवडते. आधी कुलूप लावलं, मग घर कोणाचं याची चौकशी सुरू केली.

आणि ती चौकशी सोपी नव्हती. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या त्या खाडीतून शतकानुशतकं निम्म्या युरोपची जहाजं गेलेली आहेत. मग लाकडाचे नमुने घेतले. झाड दर वर्षी एक वलय वाढवतं, चांगल्या हंगामात रुंद, वाईट हंगामात अरुंद. या रुंद-अरुंद वलयांचा क्रम त्या त्या प्रदेशातल्या जुन्या लाकडांच्या नोंदींशी ताडून पाहिला की झाड साधारण कुठलं आणि कधीचं हे कळतं. पण त्यावरून काळ कळतो, जहाजाचं नाव नाही. नावापर्यंत नेलं ते सगळ्या धाग्यांनी मिळून. तोफा आहेत, म्हणजे लढाऊ जहाज असणार. पोटात भूमध्य समुद्राकडचा माल, म्हणजे तिकडून परतत असणार. अशी डच युद्धनौका याच पाण्यात बुडाल्याची नोंद दप्तरांत आहे का? आहे. जानेवारी २०२३ मध्ये नाव जाहीर झालं: क्लाइन हॉलंडिया. बांधणी १६५६ची, मालकी रॉटरडॅमच्या अ‍ॅडमिरल्टीची, म्हणजे आरमाराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची.

इथे एक खुलासा करतो. डच म्हटलं की आपल्याला वेंगुर्ल्याची वखार आठवते. ती व्यापारी कंपनीची. हे जहाज आरमाराचं, इंग्रजांशी झालेल्या दुसऱ्या युद्धातल्या सगळ्या मोठ्या लढायांत उतरलेलं.

मग ते बुडालं कसं? मार्च १६७२. इकडे महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून दोन वर्षं आहेत. तिकडे स्मर्ना, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर, तिथून मालाने भरलेला डच व्यापारी ताफा मायदेशी परततो आहे आणि त्याच्या रक्षणाला ही युद्धनौका आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७० मध्येच फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी डचांविरुद्ध लढण्याचा गुप्त करार करून ठेवला होता. खजिन्यात खडखडाट. श्रीमंत ताफा दारावरून जातोय म्हटल्यावर धीर कुठला धरवतो? इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटाजवळ इंग्रज आरमाराच्या रॉबर्ट होम्सच्या तुकडीने हल्ला चढवला, आणि युद्धाची घोषणा झाली ती नंतर. याला मी तरी लढाई म्हणणार नाही, सरळ वाटमारी म्हणेन. तीही फसली. डच जहाजं चिवटपणे लढली आणि बहुतेक ताफा निसटला.

क्लाइन हॉलंडिया मात्र दुसऱ्या दिवशी पुरती खिळखिळी झाली. कप्तान यान व्हान नेस मारला गेला. इंग्रज शिपाई डेकवर चढले, जहाज ताब्यात आलं, आणि थोड्याच वेळात ते बुडालं. पकडणारे आणि पकडलेले, दोन्हीकडचे खलाशी त्याच्याबरोबर गेले.

लाकूड इतकं टिकलं कसं, असा प्रश्न नेहमी येतो. समुद्रात उघडं पडलेलं लाकूड पोखरणारे जीव फस्त करतात. वाळूगाळात गाडलं गेलेलं लाकूड त्यांच्या तावडीतून सुटतं, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही. म्हणून उचलून वर आणण्याची घाई कोणी करत नाही. एवढं लाकूड वर काढलं तर वर्षानुवर्षं त्यावर प्रक्रिया करत बसावं लागतं, आणि तो खर्च कोण देणार?

पण जागच्या जागी ठेवायचं तर राखण हवी. क्रूझर डे रॉयटर आणि जावा या दोन डच युद्धनौका १९४२ साली जावा समुद्रात बुडाल्या आणि २००२ मध्ये सापडल्या. २०१६ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तर तळावर फक्त त्यांचे ठसे शिल्लक होते. शेकडो खलाशांची समाधी असलेली अख्खी पोलादी जहाजं भंगारवाल्यांनी पाण्याखालून उचलून नेली होती. ईस्टबोर्नच्या त्या जागी आज परवान्याशिवाय कोणालाही बुडी मारता येत नाही.