रोबोटने गप्प किती वेळ राहायचं?

पडद्यावर हात उचलतोय तो नाओ, नवी भाषा शिकवायला तयार होत असलेला माणसाच्या आकाराचा छोटा रोबोट. उंची 58 सेंटिमीटर, हालचालीचे अक्ष 25. हा खरा नव्हे, वेबॉट्स या सिम्युलेटरमधला, म्हणजे संगणकावर रोबोटची नक्कल चालवणाऱ्या प्रोग्राममधला, त्याचा जुळा. हजारदा पडला तरी काही मोडत नाही.

आता हाताकडे नीट बघा. रोबोट ‘वर’ म्हणतो आणि हात वर नेतो. शब्दाला समजा 0.4 सेकंद लागतात, हाताला 1.2. दोन्ही एकदम सोडले, तर हात पोचेपर्यंत बोलणं पुढच्या शब्दावर गेलेलं असतं आणि शिकणारा खूण भलत्याच शब्दाला जोडतो. म्हणून हात 0.8 सेकंद आधी निघतो. पण सिम्युलेटरमधली मोटर फारच आज्ञाधारक! म्हणून दर फेरीत सांध्यांचं घर्षण, हाताचं वजन आणि आदेश पोचायला होणारा उशीर थोडाथोडा बदलत ठेवायचा.

हे झालं शरीराचं. खरा कस लागतो तो शांततेत.

सरावलेल्या माणसांच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण 0.2 सेकंद लागतात. नवी भाषा शिकणारा मात्र वाक्याच्या मध्येच शब्द शोधत थांबतो. 0.7 सेकंदांच्या शांततेला ‘वाक्य संपलं’ धरलं, की रोबोट त्याला अर्ध्यावर तोडणारच. सरसकट 2 सेकंद ठेवले, तर ज्याला उत्तर येतं तो कंटाळतो. त्यामुळे मर्यादा प्रश्नागणिक वेगळी: ‘हो-नाही’ला थोडी, पूर्ण वाक्याला जास्त.

ती ठरवायला आभासी विद्यार्थी लागतात. अडखळणारे, शब्द अर्धवट सोडून पुन्हा सुरू करणारे. प्रत्येकाचे चार आकडे: आधीपासून किती येतं, किती लवकर शिकतो, न येता किती वेळा अंदाजाने बरोबर सांगतो, येत असून किती वेळा चुकतो. रोबोटने यातला अंदाजाचा आकडा कमी धरला, की एका बरोबर उत्तरावर तो धडा आटोपता घेतो. हा दोष फार उशिरा सापडतो.

आवाजाचंही तेच. संगणकाने तयार केलेला स्वच्छ आवाज ऐकवला, तर चाचणीत सगळं झकास. खऱ्या नाओचे मायक्रोफोन डोक्यात, आणि पंखाही तिथेच. त्या पंख्याची घरघर, खोलीचा घुमारा आणि रोबोटचा स्वतःचाच आवाज मिसळून पुन्हा ऐकवायचं. लहान मुलांचे आवाज तर वेगळेच तपासायचे, कारण मोठ्यांच्या आवाजावर घडलेली ओळखयंत्रणा तिथे गडबडते. 2016मध्ये सुरू झालेल्या एल-टू-टॉर या युरोपीय प्रकल्पात नाओसमोर टॅबलेट ठेवला होता; मुलं उत्तर बोलून नव्हे, त्यावर बोटाने देत.