एका सुताचा फरक : १९७२ च्या जीपची पुनर्बांधणी

चेन ब्लॉकला लटकलेले हे इंजिन १९७२ साली नोंदणी झालेल्या महिंद्रा सीजे-३बी या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचे आहे. पेट्रोलवर चालणारे, चार सिलिंडरचे आणि २,१९९ सीसीचे हे इंजिन ‘हरिकेन’ या नावाने ओळखले जाते. विलीज कंपनीने १९५३ मध्ये अमेरिकेत ही जीप आणली, तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये अशी रचना केल्यामुळे इंजिनाची उंची वाढली होती, आणि ते मावावे म्हणून बोनेटच उंच करावे लागले. अमेरिकेत या मॉडेलचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. मुंबईच्या माझगावात आयात सुटे भाग जोडून जीप तयार करण्यापासून सुरुवात केलेल्या महिंद्राने मात्र ते भारतात त्यानंतरही अनेक वर्षे चालू ठेवले.

पेट्रोल महागत गेले तसे अनेक मालकांनी अशा जीपमधील मूळ इंजिन काढून त्या जागी मिळेल ते डिझेल इंजिन बसवून घेतले. या जीपच्या मालकांनी तो मोह टाळला. वायर ब्रशने घासल्यावर ब्लॉकवर उमटलेला हा क्रमांक आरसी बुकातील क्रमांकाशी तंतोतंत जुळतो. गाडी पूर्ववत करायची तर अस्सल भाग वापरूनच, हा निर्णय येथूनच झाला, आणि तो योग्यच होता.

आता चेसिसखाली पाहू. पुढचा आणि मागचा, असे दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलवरचे, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गोल डबे) मध्यभागी नसून उजव्या बाजूला आहेत, कारण गिअरबॉक्सच्या मागे असलेला ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारा गिअरचा डबा, आपली ताकद उजवीकडूनच बाहेर काढतो. स्पायसर १८ या नावाचा हा ट्रान्सफर केस म्हणजे या जीपचा खरा कणा आहे. चिखलात किंवा खड्या चढावर लो गिअर टाकला की फेऱ्यांचे प्रमाण २.४६ ला १ होते आणि चारही चाके सावकाश, पण जोर धरून फिरू लागतात. आपल्याकडचे अनेक मिस्त्री याला ‘ऑक्झिलरी’ म्हणतात. त्यात तेल किती आहे, हे पाहण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही.

या ट्रान्सफर केसमध्येही तेच झाले होते. मिस्त्रींच्या हातातील हा जाड दांडा म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट होय. तो स्वतः फिरत नाही. त्याच्याभोवती नीडल रोलरवर, म्हणजे सुईसारख्या बारीक पोलादी रुळांवर, गिअर फिरतो. तेल कमी पडल्यामुळे रोलरनी शाफ्टवर पाडलेल्या या खाचा नखाला स्पष्ट लागतात. यापूर्वी कोणीतरी बसवलेला हा शाफ्ट नकली होता. त्याचा वरचा कडक थर झिजून गेला होता आणि आतील मऊ पोलाद उघडे पडले होते.

नवा शाफ्ट आणायचा म्हणजे केवळ ‘जीपचा शाफ्ट द्या’ असे सांगून भागत नाही. स्पायसर १८ च्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये या शाफ्टची जाडी आधी पाऊण इंच, नंतर एक इंच एक सूत आणि पुढे सव्वा इंच अशी वाढत गेली. शेवटच्या दोन मापांत फरक आहे तो अवघा एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा. परंतु त्याबरोबर गिअर, रोलर आणि थ्रस्ट वॉशर (गिअरच्या बाजूंना बसणाऱ्या चकत्या) हे सगळेच बदलते. म्हणूनच पार्ट्स बुकातील क्रमांक लिहून घेऊन पुण्याच्या नाना पेठेतील आणि मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरातील जुन्या दुकानांमध्ये शोध घ्यावा लागला. मेणकागदात गुंडाळलेला, वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिलेला हा सव्वा इंची शाफ्ट तेथेच मिळाला. गिअरच्या पोकळीत ग्रीस लावून त्यात एकेक रोलर उभा केला जात आहे. एकही रोलर निसटला, तर सगळी रांग पुन्हा लावावी लागते. त्यानंतर शाफ्ट मागच्या बाजूने हलक्या हाताने ठोकत आत सरकवतात आणि लॉक प्लेट बसवतात.

पुढच्या ॲक्सलवर किंग पिनच्या, म्हणजे ज्याभोवती पुढचे चाक वळते त्या खिळीच्या, बेअरिंग कॅपखाली असलेल्या या पातळ पत्र्याच्या चकत्यांना शिम म्हणतात. शिम काढली की बेअरिंग आवळले जाते, घातली की सैल होते. किती आवळायचे, हे मिस्त्री अंदाजाने ठरवत नाहीत. ऑइल सील बसवण्याआधी ते स्टिअरिंगच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढतात आणि काट्यावरचा आकडा पुस्तकाशी ताडून पाहतात. हे बेअरिंग सैल राहिले, तर खड्ड्यातून जाताना पुढची चाके थरथरू लागतात, आणि त्याचा दोष उगाचच टायरच्या माथी मारला जातो.

येथील बहुतेक बोल्ट इंची मापाचे आहेत. नऊ सोळांशाच्या बोल्टवर १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा सैल होतो. घाईत असा चुकीचा पाना लावल्यामुळेच हे माथे गोलावले आहेत. असे सर्व बोल्ट बदलले गेले. इंजिनाचे बोअर तपासून २० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ओव्हरसाइझचे, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे, पिस्टन बसवले, आणि पत्राकाम व रंगकामही यथावकाश पूर्ण झाले.

खर्च अर्थातच मोठा झाला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. तिचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मालकांनी त्या अर्जाची कागदपत्रे तयार केली आहेत. स्पीडोमीटरची केबल तेवढी अजून मिळायची आहे. नाना पेठेतील दुकानदारांनी तिचा क्रमांक लिहून घेतला असून माळा पाहून कळवण्याचे मान्य केले आहे.