भट्टीतून निघालेली चकती

(पडद्यावर: साताऱ्यातला पोवई नाका, पाऊस, भुयारी मार्गातून वर येणारी इलेक्ट्रिक स्कूटर)

निवेदन: २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. तेव्हापासून गाडी घ्यायची म्हटली, की घरात एक प्रश्न हमखास निघतो: हिची बॅटरी पेटणार तर नाही ना? प्रश्न रास्त आहे. लिथियम बॅटरीत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले लिथियमचे कण, ये-जा करतात ते एका सेंद्रिय द्रवातून. आत शॉर्टसर्किट होऊन सेल तापला, की हाच द्रव भडकतो.

मग तो द्रवच काढला आणि त्या जागी न जळणारं सिरॅमिक घातलं तर?

असं एक सिरॅमिक २००७ मध्ये जगापुढे आलं. लिथियम, लँथॅनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजनचं, गार्नेट या खनिजाच्या स्फटिकासारख्या घडणीचं. ते शोधणाऱ्या तिघांत दोघे मूळचे भारतीय: रामस्वामी मुरुगन आणि वेंकटरामन थंगादुराई. तिसरे जर्मनीचे वर्नर वेप्नर.

(पडद्यावर: साताऱ्यातली प्रयोगशाळा, खलातली पांढरी पावडर)

निवेदन: इथे तीच पावडर घोटली जातेय. कृती ठाऊक असली तरी हात बसायला वेळ लागतो. लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी ओढतं, म्हणून ते आधी ९०० अंशांवर तापवून घ्यायचं. लिथियम भट्टीत उडून जातं, म्हणून ते दहाएक टक्के जास्त घालायचं. थोडं ॲल्युमिनियम किंवा टँटलम हवंच; नाहीतर थंड होताना स्फटिकाची रचना बदलते आणि आयनांची वाट अडते. मग डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, दाबून चकती करायची, त्याच पावडरीत पुरायची आणि सुमारे १,२०० अंशांच्या भट्टीत ठेवायची.

(क्लोजअप: चिमट्यातली चकती)

निवेदन: नीट पाहा. नखाएवढी, पिवळसर पांढरी. दिव्यासमोर धरली, की कडेला उजेड झिरपतो. म्हणजे आत पोकळ्या कमी राहिल्या. आमच्या मते सगळं कसब इथेच आहे. कणांमध्ये फट राहिली, की चार्जिंगच्या वेळी लिथियमचे तंतू तिच्यातूनच घुसतात आणि पुन्हा शॉर्टसर्किट होतं. नुसतं सिरॅमिक वापरलं म्हणजे बॅटरी सुरक्षित झाली, असं नाही.

त्यात साताऱ्याचा पाऊस! दमट हवेत चकतीवर लिथियम कार्बोनेटचा पातळ थर चढतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण आयनांना अडवतो. म्हणून चकती भट्टीतून निघाली, की थेट ग्लव्ह बॉक्समध्ये जाते: आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेली, बाहेरून हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी. तिथे पृष्ठभाग घासायचा, मगच लिथियमचा पत्रा लावायचा.

ही चकती एक मिलिमीटर जाड आहे. मोजमापाला तेवढी चालते, गाडीला नाही. त्यासाठी ती वीस-तीस मायक्रॉनांवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणावी लागेल, तीही तडा न जाता. पुढची खटपट त्याचीच आहे: पावडरीची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, करून फिल्मवर पसरायची, वाळवायची आणि मग भाजायची.