समक्ष

(पडद्यावर: बंद खिडकी. काचेला आतून टेकवलेला कागद.)

एप्रिल २०२०. इंग्लंडमधल्या कुठल्याही गावातलं हे घर समजा. आत आजोबा, बाहेर अंगणात दोन शेजारी, एकमेकांपासून लांब उभे. आजोबा काचेपाशी बसून मृत्युपत्रावर सही करतात, कागद उंबऱ्यावर ठेवतात आणि पुन्हा खिडकीशी येतात. शेजारी सह्या करतात, तेही घरून आणलेल्या स्वतःच्या पेनानं.

हा सगळा खटाटोप १८३७ सालच्या कायद्यापायी. इंग्लंडमध्ये मृत्युपत्रावरची सही दोन साक्षीदारांच्या देखत व्हावी लागते, आणि दोघंही एकाच वेळी हजर लागतात. त्यात ज्याला काही मिळणार आहे, त्यानं किंवा त्याच्या बायकोनं साक्ष घातली, तर त्याचा वाटा जातो. म्हणजे घरात सोबत अडकलेले मुलगा-सून बाद, आणि जे चालतील त्यांना घरात यायला बंदी!

(पडद्यावर: घोडागाडीचं जुनं चित्र.)

पण काचेतून पाहिलेलं चालतं का? वकिलांनी थेट १७८१ सालचा निकाल बाहेर काढला. ऑनोरा जेंकिन्स नावाच्या बाईंना दमा होता. वकिलाच्या कचेरीत उकडत होतं, म्हणून सही करून त्या आपल्या घोडागाडीत जाऊन बसल्या. साक्षीदार आत सह्या करत असताना गाडी मागे सरकली आणि कचेरीच्या खिडकीसमोर आली. बाईंना आतलं दिसू शकत होतं. कोर्टानं मृत्युपत्र ग्राह्य धरलं. घोडे मागे सरकले, आणि जवळजवळ दोनशे चाळीस वर्षांनी कोरोनात लोकांचं काम झालं.

२८ सप्टेंबर २०२० पासून व्हिडिओ कॉलवरची साक्षही कायद्यात बसली, तीही मागल्या तारखेनं, ३१ जानेवारी २०२० पासून. ऐकायला सोपं, करायला किचकट. सही कागदावरच हवी, डिजिटल चालणार नाही. आजोबांनी कॅमेऱ्यासमोर सही करायची, मग तोच कागद साक्षीदारांकडे पाठवायचा आणि त्यांच्या सह्यांच्या वेळी पुन्हा कॉल लावायचा. कागद वाटेत असताना आजोबा गेले, तर मृत्युपत्र अपुरंच. म्हणून सरकारच सांगत होतं, दुसरा काही इलाज नसेल तरच हा मार्ग धरा. माझ्या मते त्यापेक्षा खिडकी बरी.

(पडद्यावर: मुंबईतल्या सोसायटीचं गेट.)

आपल्याकडे या अटीला नेमका शब्द आहे: समक्ष. त्यात अक्ष आहे, म्हणजे डोळा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातही दोन साक्षीदार लागतातच, पण दोघं एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. सकाळी शेजारचे काका, संध्याकाळी वॉचमन, असं चालतं. टाळेबंदीत हीच सवलत उपयोगी पडली. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे दुय्यम निबंधकाचं कार्यालय बंद असलं तरी काम अडत नव्हतं. व्हिडिओवरच्या साक्षीची सोय मात्र कायद्यानं केली नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तर मृत्युपत्राला आधीपासूनच बाहेर ठेवलंय.

कोर्टात दावे-अर्ज दाखल करायच्या मुदतींची धास्ती सुप्रीम कोर्टानं घालवली. १५ मार्च २०२० पासून मुदतीची घड्याळंच थांबवली, ती २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत.

तिकडे व्हिडिओची सवलत ३१ जानेवारी २०२४ ला संपली. खिडकी अजून चालते.

इथे मुंबईत, प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घ्यायला, हायकोर्टात जायचं तर अर्जासोबत एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. काका दुसऱ्या लाटेत गेले असतील, तर उरला वॉचमन. टाळेबंदी उठायच्या आतच तो गावी निघून गेलेला, नंबर बदललेला. कागदावर त्याची सही आहे, नाव आहे, आणि पत्ता म्हणून आपल्याच सोसायटीचा पत्ता.