चापट कुणीही मारील, तबल्यावर 'धा' कोण काढून दाखवणार?

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी मला खडेबाजारात गाठलं. म्हणाले, "अमेरिकेतल्या ड्रमवाल्याच्या पिक्चरवर बोलणार, आणि ते ऐकायला बेळगावात माणसं येणार?" आलात, बरं वाटलं. ते गृहस्थही आलेत, तिसऱ्या रांगेत आहेत.

सिनेमा 'व्हिपलॅश', २०१४ चा. दिग्दर्शक डेमियन शॅझेल तेव्हा तिशीच्या आतला. शाळेत असताना तो स्वतः एका कडक मास्तराच्या जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवायचा, गोष्ट तिथूनच आली. चित्रीकरण अवघ्या १९ दिवसांत उरकलं. तीन ऑस्कर मिळाले: फ्लेचर मास्तर झालेल्या जे. के. सिमन्सला, संकलनाला आणि ध्वनिमिश्रणाला. शेवटची दोन मला जास्त पटली, कारण हा सिनेमा डोळ्यांइतकाच कानानं बघायचा आहे.

गोष्ट तशी लहान. एकोणीस वर्षांचा अँड्र्यू न्यूयॉर्कच्या एका संगीतशाळेत शिकतो. फ्लेचर त्याला आपल्या बँडमध्ये घेतो आणि पहिल्याच तालमीत त्याच्या अंगावर खुर्ची भिरकावतो. मग जवळ येतो, त्याला मात्रा मोजायला लावतो आणि मोजणीबरोबर थोबाडीत मारत विचारतो: सांग, मी लय पुढं पळवतोय की मागं ओढतोय? पोराच्या डोळ्यांत पाणी. बाकीची पोरं खाली बघत बसलेली. ते खाली बघणं मला चापटीपेक्षा जास्त लागलं.

हा प्रसंग बघून आपल्याकडचे निम्मे लोक म्हणतात, "त्यात काय, आमचे गुरुजी असेच होते." अभिमानानं म्हणतात, बरं का. म्हणून जरा माझंच सांगतो.

मी शहापुरात तबला शिकलो. आमचे मास्तर तापट. बोल चुकला की लाकडी पट्टी बोटांवर. पण 'तिरकिट' माझ्या हातात बसेना, तेव्हा त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. म्हणाले, "माझ्या हातावर हात ठेव." आणि ते वाजवायला लागले. माझ्या तळव्याखाली त्यांचं मनगट ओल्या फडक्यासारखं सैल होतं. जोर कुठं आहे, बोट कधी सुटतंय, सगळं मला हाताला कळत होतं. तीन महिने तेच, विलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत. एकदा माझ्या बोटाचं कातडं सोललं. मला वाटलं, शाबासकी मिळणार. मास्तर म्हणाले, "बोट फुटलं म्हणजे हात चुकला. दाखव कसा धरतोस."

आता अँड्र्यूकडे बघा. काठ्या आवळून धरतो, हात फुटतो, झांजेवर रक्त उडतं, मग मूठ बर्फाच्या पाण्यात. थिएटरात आपण श्वास रोखतो. पण चांगला ड्रमरही तेच सांगेल: काठी सैल धर, तिला उसळू दे. अख्ख्या सिनेमात फ्लेचर ड्रमवर बसून हात कसा टाकायचा ते या पोराला एकदा तरी दाखवतो का? तो फक्त मोजतो. काटा असतो ना दुकानात, तसा. काट्यावर ठेवून माल वाढत नाही.

त्याच्याकडे एक ठेवणीतली गोष्ट आहे. जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर पोरवयात कॅन्सस सिटीत वाजवताना चुकला, ड्रमर जो जोन्सनं त्याच्या डोक्याच्या दिशेनं झांज फेकली, मुंडकं उडता उडता वाचलं, आणि म्हणून पार्कर पार्कर झाला. खरी हकिकत वेगळी आहे. जोन्सनं झांज पायापाशी जमिनीवर टाकली, 'ऊठ आता' एवढंच सांगायला. लोक हसले, पोरगा अपमान गिळून गेला. त्यानंतरचं फ्लेचर सांगतच नाही. पार्कर एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात गेला, लेस्टर यंग या सॅक्सोफोनवाल्याच्या तबकड्या बरोबर नेल्या, झिजेपर्यंत ऐकल्या, सोबतच्या वादकांकडून स्वरमेळ समजून घेतला. झांज पडली एका रात्री. शिकणं झालं त्या उन्हाळ्यात, दुसऱ्याच माणसांजवळ.

कुणी मैहरच्या बाबांचं नाव काढील. अल्लाउद्दीन खाँसाहेब रागीट होतेच. त्यांच्याकडे सतार शिकणाऱ्या रविशंकरांना एकदा "जा, बांगड्या भर" म्हणाले, तर त्यांनी सामान बांधलं. बाबांचे चिरंजीव अली अकबरांनी थांबवलं आणि सांगितलं, मला तर झाडाला बांधून मारलंय. मी याचं कौतुक करत नाही. बापानं पोराला झाडाला बांधावं, हे वाईटच. पण बाबा तासन्तास समोर बसून शिकवत, तोंडानं गाऊन एकेक जागा गळ्यातून हातात उतरवत. रविशंकर थांबले ते त्यासाठी, असं मला वाटतं. आपण मात्र गोष्ट सांगताना झाड तेवढं लक्षात ठेवतो.

आणि लांब कशाला, सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. तिथं १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, कोवळ्या वयात मुंबईला देवधर मास्तरांकडे गेले. देवधरांनी आपल्या संगीतशाळेची दारंखिडक्या उघडी ठेवलेली. वेगवेगळ्या घराण्यांचे बुजुर्ग तिथं येत, पोरगं ऐकत राही. तिथून कुमार निघाले. याच्यावर कुणी थरारपट काढणार नाही, कारण यात कुणी कुणाच्या अंगावर खुर्ची फेकत नाही.

शेवटाचं बोलतो. अँड्र्यूचा ड्रमचा सोलो रंगतो, फ्लेचरचे फक्त डोळे दिसतात, ओठ चौकटीबाहेर. काहीतरी बोलतो, काय ते कळत नाही. टाळ्या ऐकू यायच्या आधी पडदा काळा. त्याआधी एक क्षण दाराच्या फटीतून अँड्र्यूचा बाप दिसतो. आपला पोरगा त्याला ओळखू येत नाहीये. शॅझेल लबाड आहे. तासभर आपल्याला त्या मास्तराची चीड आणतो आणि शेवटी आपल्याच हातून टाळ्या काढतो. मीही वाजवल्या. मुलाबरोबर बघत होतो, तो माझ्याकडे वळून बघायला लागला.

दुसऱ्यांदा बघितला तो लहानपणीच्या दोस्ताबरोबर. तो दुसऱ्या एका मास्तरांकडे शिकायचा. तिथं नुसता आरडाओरडा. सहा महिन्यांत त्यानं तबला सोडला. आता वडगावात पॉवरलूमवर असतो. चार माग एकदम चालू असले तरी कुठल्या मागाची लय बिघडली ते त्याला पाठ फिरवूनही कळतं. असला कान! सिनेमा संपल्यावर बराच वेळ गप्प होता. मग टेबलावर बोटं आपटत म्हणाला, "एवढं मारलं त्येनं, पण कसं वाजवायचं ते सांगिटलंच न्हाई की."