गल्लीत माणसं किती?

(दृश्य: आयर्विन पूल. खाली कृष्णेचं गढूळ पाणी, खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे.)

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न हाच असतो, "आयर्विनला किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाणी किती चढलं हे आपल्याला इंचाइंचाने कळतं. पण सूर्यवंशी प्लॉटमधल्या एका गल्लीतून माणसं किती बाहेर काढायची? त्यांत अंथरुणाला खिळलेली किती, तान्ही लेकरं किती? ते मात्र विचारत फिरावं लागतं.

शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. २०२१ ची मोजणी कोविडमुळे लांबली आणि आता संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, आहे १ मार्च २०२७. २०११ साली जन्मलेली पोरं दहावीपर्यंत आली, तरी कामाला आकडा तोच जुना. आणि अख्ख्या शहराचा आकडा कसाबसा पुढे ढकलता येतो, गल्लीचा येत नाही. एखादी पेठ रिकामी होत जाते, तर शामरावनगरात गुंठ्या-गुंठ्यावर घरं उभी राहतात. दोन्हीकडे एकच वाढीचा दर लावला, तर दोन्हीकडे चुकतो.

मग हाताशी आहे काय? नोंदी. त्या भरपूर आहेत, पण प्रत्येक नोंद ठेवणाऱ्याचं काम वेगळं.

(दृश्य: गुंठेवारीतलं एक दुमजली घर. जिन्याखाली ओळीने वीजमीटर.)

हे घर बघा. घरपट्टीच्या वहीत हे एक घर आहे. जिन्याखाली मीटर पाच. वर दोन भाडेकरू, मागे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे मालक. म्हणजे चुली पाच. घरपट्टीवरून मोजलं तर चार कुटुंबं गायब. मीटरवरून मोजायचं, तर मीटर चालू आहे की नुसतंच लावलंय, हे बघावं लागतं. पोरगा पुण्याला, आई-वडीलही त्याच्याकडे आणि इथे फ्लॅटला कुलूप, अशा ठिकाणी महिनोन् महिने युनिट जवळजवळ शून्य. ते मीटर वजा करायचं.

समजा, एका गल्लीत मीटर ९४ आणि त्यांतली ११ बंद असल्यासारखी. उरली ८३. चार-पाच गल्ल्यांत प्रत्यक्ष दारं वाजवून घरटी सरासरी ४.२ माणसं निघाली, तर अंदाज येतो साधारण ३५०. वसतिगृह, धर्मशाळा, कामगारांच्या खोल्या यांची मोजणी वेगळी. ही सरासरी मात्र दिल्लीहून किंवा मुंबईहून आणू नका, इथल्याच दारांवरून काढा. सगळ्या पद्धतीचा जीव तिथे आहे.

मतदार यादीत अठराच्या खालचं कुणी नाही. उलट लग्न होऊन गेलेली लेक आणि वारलेले आजोबा वर्षानुवर्षं नावानिशी हजर. रेशनकार्डावर गावाकडचाच पत्ता ठेवलेले लोक कुपवाडच्या एमआयडीसीत राबतात. त्यांचं धान्य तिकडे, माणूस इकडे.

(दृश्य: मिरज. रुग्णालयाबाहेर एसटीतून उतरणारी माणसं.)

जन्म-मृत्यूची नोंद तरी पक्की, असं वाटतं. इथे मिरजेचा इतिहास आडवा येतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. बाळंतपणाला तालुक्यातून, कोल्हापूर जिल्ह्यातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून बायका येतात. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथे नोंद. नुसत्या नोंदी मोजल्या, तर मिरजेत पाळणेच पाळणे दिसतील. म्हणून अर्जातला आईच्या राहत्या गावाचा रकाना बघायचा. तो रकाना घाईत भरला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

एकटी कुठलीच वही पुरत नाही. दोन वह्या समोरासमोर ठेवल्या की उजेड पडतो. ही रीत आपल्याच देशातल्या नोंदींवर घासून बघितलेली आहे. सी. चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये बंगालमधल्या सिंगूरच्या जन्म-मृत्यूंच्या दोन याद्या जुळवून, दोन्हींतून निसटलेल्यांचा हिशेब मांडला.

आपल्या त्याच गल्लीत तेच करू. सोडून गेलेल्यांची नावं आधी काढून टाकू. समजा, रेशनच्या यादीत २६० जण उरले आणि आशाताईंच्या वहीत २४०. दोन्हींत सापडणारे १९५. आशाताईंच्या २४० पैकी १९५ रेशनमध्ये सापडले, म्हणजे रेशनची यादी अख्ख्या गल्लीच्याही तेवढ्याच वाट्यापर्यंत पोचते, असं धरायचं. २६० गुणिले २४०, भागिले १९५. उत्तर ३२०. दोन्ही याद्यांत मिळून नावं आहेत ३०५. म्हणजे पंधरा जण कुठेच नाहीत.

पण हा हिशेब धरून चालतो, की एका यादीतून सुटण्याचा दुसरीतून सुटण्याशी संबंध नाही. प्रत्यक्षात संबंध असतो. दर अकरा महिन्यांनी खोली बदलणारा कामगार रेशनमध्येही नसतो आणि दिवसपाळीला गेल्यामुळे आशाताईंनाही भेटत नाही. म्हणून ३२० हा आकडा कमीच असण्याची शक्यता जास्त. त्या माणसांसाठी संध्याकाळी सातनंतर, पाळी सुटल्यावर, एकदा गल्लीत जावंच लागतं.

(दृश्य: संध्याकाळ. अंगणवाडी सेविका आणि आशाताई एका दारात उभ्या, हातात वही.)

जुळवणी प्रभाग कार्यालयातच व्हावी आणि बाहेर फक्त आकडे यावेत. कुणाची नावं फलकावर लागता कामा नयेत. आकडाही एकच नको. जुळवणीचे ३२० आणि मीटरवरचे ३५० धरून '३२० ते ३५०' असं सरळ लिहावं आणि बोटी, जेवण, औषधं ३५० धरून ठेवावीत. शेजारी आणखी एक रकाना हवा. भाड्याच्या खोल्या कुठल्या दारांत आहेत आणि उचलून न्यावं लागेल असं माणूस कुठल्या घरात आहे, याचा. हा कागद मे महिन्यात तयार पाहिजे, पुलावरचे आकडे वाचायला लागण्याच्या आधी.