पहाटे गुंडाळता आलं पाहिजे

मंडळी, विषय तुम्हाला माहितीच आहे, रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाची रात्र जरा बरी जावी म्हणून साध्यासुध्या वस्तू कशा करायच्या. मला बोलवलंय कारण मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टेम्पो-ट्रकचे हूड आणि ताडपत्र्या शिवतो, आणि दुकानात उरलेल्या तुकड्यांतनं असलं काहीबाही करून स्टँडकडं, स्टेशनकडं नेऊन देत असतो. मी काय प्रोफेसर नव्हे, त्यामुळं मधेच काय विचारायचं असलं तर बिनधास्त थांबवा.

आधी भांडणाचं बोलून घेतो. डिसेंबर लागला की आपल्याकडं ब्लँकेट वाटायला ऊत येतोय, वाढदिवस असला की ब्लँकेट, पुण्यतिथी असली की ब्लँकेट, आणि बरोबर फोटोग्राफर. वाटावं, माझी ना नाही. पण कोल्हापूरची थंडी अशी कितीशी, दोन चादरी असल्या की निभतंय. खरे हाल जून ते सप्टेंबर. पाऊस आडवा येतो, दुकानाच्या वळचणीला पाठ लावून बसलं तरी गुडघ्यापासनं खाली सगळं भिजतंय, आणि तेच डिसेंबरचं ब्लँकेट एकदा भिजलं की उचलवत नाही, वाळवायला जागा नाही, दोन दिवसांत कुबट वास, मग माणूस ते गटारीकडेला टाकून पुढं जातो. नदीचं पाणी चढलं की आणखी वेगळीच तऱ्हा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट झालं की इशारा आणि 43 ला धोका, हे पेपरात रोज येतंय, पण पंचगंगेचा घाट त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो, म्हंजे घाटावर झोपणाऱ्याचा पूर आपल्या पुराच्या आधीच आलेला असतो. जुलैत वाटायला कोण येत नाही. पावसात फोटो बरा येत नसावा.

दिल्लीची गोष्ट निराळी आहे. अंशू गुप्तांनी 1999 साली गूंज ही जुने कपडे गोळा करून वाटणारी संस्था सुरू केली, त्यामागं बेवारस मृतदेह उचलणारा एक माणूस त्यांना भेटला होता, त्याची लहान पोरगी सांगायची की थंडी वाजली की मी प्रेताला मिठी मारून झोपते. तिथं अंगावरचा कपडा म्हंजे जीव. हॉलंडमधल्या बास टिमर नावाच्या पोरानं 2014 मध्ये शेल्टरसूट काढला, जॅकेट आणि त्याला चेननं जोडायची झोपायची पिशवी, कारण त्याच्या मित्राचे वडील उघड्यावर थंडीनं गेले. जर्मनीत उल्म शहरात तर झोपायचे डबेच ठेवलेत, वरती सोलर आणि आत सेन्सर. सगळं चांगलंच आहे, पण ते तिथल्या हवेला दिलेलं उत्तर आहे. इंजिनिअरिंगची पोरं हे मोबाइलवर बघतात आणि माझ्याकडं येतात, काका असलं जॅकेट शिवून द्या, आपण त्याला सोलर लावू, चार्जिंग देऊ. अरे बाबांनो, मे महिन्यात ते घालून झोपणार कोण? आणि सोलर लावलेली वस्तू पहिल्याच रात्री कोणतरी घेऊन जाणार, आणि नुसती नेणार नाही, झोपलेल्याला दोन ठेवून नेणार. म्हंजे आपण त्याला सुरक्षित करायला गेलो आणि चोर घरपोच केला, घर नसताना.

म्हणून माझी पहिली अट, वस्तू अशी पाहिजे की दुसऱ्या कुणाला ती चोरावीशी वाटू नये. आणि अशा मालाला कोल्हापुरात काय तोटा आहे का? फ्लेक्स! दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, गणपती, निवडणूक, चौकाचौकात नुसता खच. फ्लेक्स म्हंजे पॉलिस्टरची जाळी आणि दोन्ही बाजूंनी पीव्हीसी, पाणी आरपार जात नाही. छापलेली बाजू खाली, पांढरी वर. साहेबांचा चेहरा फरशीला लागतो त्याला माझा इलाज नाही.

पण नुसता फ्लेक्स अंथरला तर ओल थांबते, गारवा थांबत नाही, फरशी अंगातली ऊब ओढून घेतेच. ती अडवायची तर मधे हवा कोंडलेली पाहिजे. त्यासाठी एमआयडीसीत मशिनरीच्या पॅकिंगला येतो तो पांढरा फोम असतोय बघा, तो कारखानदार फेकूनच देतात, त्याचा एक थर दोन फ्लेक्सच्या मधे. एकदा फोम मिळाला नाही तेव्हा दुधाच्या धुतलेल्या पिशव्या वाळवून भरल्या, त्यापण चालल्या, फक्त कूस बदलली की चुरचुर आवाज येतो. कडेला शिलाई मारायची नाही, कारण सुईच्या प्रत्येक भोकातनं पाणी आत शिरतंय, आम्ही ताडपत्रीला हॉट एअर गननं जोड देतो तसाच इथं द्यायचा. आणि एक लक्षात ठेवा, हे अंगाखाली किंवा डोक्यावर छपरासारखं, अंगाभोवती कधीच गुंडाळायचं नाही. घाम बाहेर जात नाही, तासाभरात माणूस आतनंच भिजतो. शेजारी मच्छर कॉइलपण लावायची नाही, पीव्हीसीचा धूर वाईट.

दुसरी अट मला महत्त्वाची वाटते, आणि ती झोपेची नाहीच, उठण्याची आहे. आपण सगळे रात्रीचा विचार करतो. त्या माणसाला मात्र पहाटे झाडूवाला उठवतो, दुकानदार शटर वर करताना उठवतो, कधी पोलिसाची काठी. दोन मिनिटांत सगळं गोळा करून निघावं लागतं आणि दिवसभर ते अंगावर वागवावं लागतं. तंबू, घडीचा पलंग, चाकाची पेटी, सगळी डिझाइनं इथं मार खातात. आमची चटई गुंडाळली की पट्टा लावून खांद्याला अडकते, आणि गुंडाळल्यावर ती बिछाना दिसता कामा नये, ही गोष्ट मला एका गवंड्याच्या हाताखालच्या गड्यानं सांगितली. पाठीवर वळकटी दिसली की नाक्यावर मुकादम कामाला घेत नाही, चहाच्या गाड्यावरपण लांब उभं राहायला सांगतात. म्हणून वरनं साधा काळा तुकडा लावला, हत्याराची पिशवी वाटते. डिझाइन कॉलेजात हे शिकवतात का नाही मला माहीत नाही, पण त्या एका काळ्या तुकड्यानं जेवढा फरक पडला तेवढा फोमनं पडला नाही.

आता गाडीचं. साठच्या स्पीडनं येणारी गाडी एका सेकंदात साधारण सतरा मीटर पुढं जाते. ड्रायव्हरला काहीतरी दिसलं, ते माणूस आहे हे डोक्यात शिरलं, मग पाय ब्रेकवर गेला, तोवर खेळ संपलेला असतो. आपल्याकडं उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते, ती कशासाठी, तर अंधारात उभी ट्रॉली दिसत नाही म्हणून. मग डिव्हायडरच्या कडेला झोपलेला माणूस कुठनं दिसणार? त्या रिफ्लेक्टरच्या चिकटपट्टीत, म्हंजे टेपमध्ये, काचेचे बारीक मणी असतात, उजेड जिथनं आला तिकडंच ते परत फेकतात, आणि हेडलाइट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ असल्यामुळं त्याला एकदम झगझगीत दिसतंय. धूळ बसली की मात्र गेलं, पुसावी लागते. दारू पिऊन चालवणाऱ्यापुढं टेपचापण काय उपयोग नाही, हे सरळ सांगतो.

म्हणून ही टेप चटईला सगळीकडं लावायची असं मी ठरवलं होतं, पण स्टँडकडच्या एका मावशींनी ती चटई घेतलीच नाही. त्यांचं म्हणणं, मला गाडीवाल्याला दिसायचंय, बाकीच्यांना नाही. बाईमाणूस रात्री उजेडात बसून राहतं, जमलं तर दिवसा झोपतं, आणि झोपलं की लपूनच झोपतं. म्हणून आता टेपची पट्टी डोक्याकडं आणि पायाकडं झडपेसारखी असते, पाहिजे तर बाहेर, नको तर आत. कुणाला दिसायचं हे तिचं तिनं ठरवायचं. त्याच मावशींमुळं चटईबरोबरच्या पांघरुणाची चेनपण गेली. चेन लावून आत शिरलं आणि कुणी वर येऊन उभं राहिलं तर बाहेर पडायचं कसं? कुत्रं आलं तर? त्यामुळं पांघरुणाची एक बाजू कायम उघडी, नुसती एकावर एक येणारी. वेल्क्रो मात्र खिशाला ठेवलाय, मुद्दाम. दुसऱ्यानं उघडायला गेलं की चर्र आवाज होतो आणि जाग येते. महागातल्या बॅगवाले हा आवाज कमी करायला बघतात, आम्हाला तोच पाहिजे.

त्या खिशात काय असतं? कागद. आधार, रेशन कार्ड, सीपीआरचा, म्हंजे इथल्या सरकारी दवाखान्याचा केसपेपर. कागद भिजला की माणूस कागदावरनं गेलाच समजा. आधार पुन्हा काढता येतं की, असं आपण सहज म्हणतो, पण ओटीपी यायला नोंदवलेला मोबाइल नंबर लागतो आणि तो मोबाइल तर आधीच चोरीला गेलेला असतो, आणि अंगठा लावायचा म्हटलं तर सिमेंटच्या कामानं बोटांच्या रेषा घासलेल्या. म्हणून कागदांसाठी वेगळी, जाड प्लॅस्टिकची कमरेला बांधायची पिशवी, तोंड तीन घड्या घालून वळवायचं आणि वरनं बकल. चेनपेक्षा ही घडी जास्त पाणी अडवते. तुम्हाला एकच वस्तू करायला वेळ असला तर ही करा, चटई नंतर.

एक प्रश्न आलाय, निवारा केंद्रं असताना हे कशाला. बरोबर प्रश्न आहे. एक लाख वस्तीमागं शंभर माणसांचा एक निवारा, माणशी पन्नास चौरस फूट, असा सरकारी नियम आहे. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखाच्या घरात होतं, म्हंजे तेव्हाच्याच हिशेबानं पाच तरी पाहिजेत. त्याच जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले, देशात पावणेअठरा लाख आणि आपल्या महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. निवारा चटईपेक्षा कधीही भारी, आणि चटई वाटून झाली म्हणून महापालिकेला विचारायचं सोडू नका. पण नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतंय, हातगाडी आत घेत नाहीत, पहाटे नाक्यावर पोचायला लांब पडतंय, अशा कारणांनी लोक बाहेर राहतात. ती रात्र तर काढायचीच असते.

डेट्रॉइटच्या व्हेरोनिका स्कॉटनं कॉलेजात असताना कोटाची झोपायची पिशवी केली, ती घेऊन निवाऱ्यात गेली तेव्हा एक बाई तिच्यावर ओरडली, आम्हाला कोट नको, काम पाहिजे. तिनं पुढं निवाऱ्यातल्याच बायकांना पगार देऊन कोट शिवायला बसवलं. आमच्याकडं आयलेट, म्हंजे भोकाची धातूची कडी, ठोकायला आणि फोम कापायला येतात त्यातले दोघं स्टेशनबाहेर झोपणारे आहेत. मजुरी रोजच्या रोज, आणि वस्तू कुठं चुकते ते माझ्याआधी त्यांना कळतं.

तुम्हाला करायचं असलं तर आधी चार रात्री नुसतं जाऊन बसा, वही-फॉर्म घेऊन जाऊ नका. आपल्याकडं 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे, नाव विचारलं की धरून नेतील या भीतीनं लोक उठून जातात. फोटो तर नकोच. खर्चाचं म्हणाल तर माल फुकटचा, पट्टा, बकल, टेप आणि मजुरी एवढंच. दुकान दिवसभर उघडं असतंय, गणपतीनंतरचे फ्लेक्स आणून टाका, फक्त लाकडी पट्ट्या आणि खिळे काढून आणा, मागच्या वेळी पोराच्या हातात घुसला.